घरपट्टीच्या बिलात कचऱ्याचे पैसे कुठून आले अन् लोक कामून चिडलेत

मार्चएंडला घरपट्टी भरायला गेलो तर बिलात एक नवीन ओळ दिसली. वरून वाचत आलं की घरपट्टी, शिक्षण कर, वृक्ष कर, अग्निशमन, आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरात घनकचरा व्यवस्थापन शुल्क, ७२० रुपये. म्हणजे महिन्याला ६०. खिडकीतल्या बाबूला म्हटलं हे कधीपासून, तर तो मान वर न करता म्हणला, "शासनाचंच हाय सर, वरून आलंय." म्हटलं बरं, हे सोडून बाकीची घरपट्टी घ्या, तर म्हणे सिस्टीम अर्धी रक्कम घेतच नाही, भरायचं तर पूर्ण भरा. माझ्या मागं रांगेत एक काकू होत्या, त्या एवढंच म्हणल्या, "आमच्या बोळीत गाडी येतीच कुठं बाबा, मी तर उकंड्यावरच नेऊन टाकते." रांगेत हशा पिकला आणि रांग पुढं सरकली, पण माझ्या डोक्यातून ती ओळ काही गेली नाही म्हणून बसून सगळं शोधलं, वाचलं, आणि जे कळलं ते इथं आपल्या भाषेत सांगतोय.

आधी एक गोष्ट क्लिअर करतो, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर "हे शुल्कच बेकायदेशीर आहे, भरू नका" असे मेसेज फिरतात. ते तितकंसं खरं नाही. केंद्र सरकारने २०१६ साली घनकचरा व्यवस्थापन नियम काढले, पर्यावरण संरक्षण कायद्याखाली, आणि त्यात स्पष्ट लिहिलं की कचरा करणारा प्रत्येक जण, मग ते घर असो, दुकान असो की मंगल कार्यालय, स्थानिक संस्थेच्या उपविधीत, म्हणजे तिनं स्वतः केलेल्या नियमांत, ठरेल ते शुल्क देईल. त्याच नियमात घराघरातून कचरा गोळा करणं, तो वेगळा ठेवायला लावणं, त्याच्यावर प्रक्रिया करणं हे पालिकेवर टाकलेलं होतं. म्हणजे नियमाला दोन बाजू आहेत. आपल्या बाजूला पैसे द्यायचे आणि कचरा वेगळा करून द्यायचा, त्यांच्या बाजूला काम करायचं. बिलात फक्त आपली बाजू छापून येते, खरा वैताग तो आहे.

आता कर आणि शुल्क यातला फरक बघा, सगळं भांडण याच्यावर फिरतं. कर म्हणजे तुम्ही द्यायचा, त्या बदल्यात तुम्हाला स्वतःला अमुक एक मिळेलच असं कोणी लिहून देत नाही. घरपट्टीतून रस्त्यावरचा दिवा लागेल, तो तुमच्या दारात लागेल की आमदाराच्या, ते वेगळं. शुल्क मात्र एखाद्या सेवेच्या बदल्यात असतं. सुप्रीम कोर्टाने १९५४ सालीच शिरूर मठाच्या प्रकरणात हा भेद सांगितला (हा शिरूर कर्नाटकातला बरं, आपला कासार नाही की अनंतपाळही नाही), आणि नंतरच्या निकालांत तो थोडा सैल झाला, म्हणजे दिलेल्या रुपयाला रुपयाची सेवा मोजून दाखवा असं कोर्ट आता म्हणत नाही, पण घेतलेला पैसा आणि दिलेली सेवा यांचा ढोबळमानाने संबंध पाहिजे हे राहिलंच. मोंढ्यात हमाली दिली की पोतं गाडीत चढलं पाहिजे, एवढं साधं आहे ते.

मग पालिका शुल्क वेगळं न घेता घरपट्टीत का घुसवते? वसुलीच्या सोयीसाठी. साठ रुपये मागायला दर महिन्याला माणूस दारोदारी पाठवला तर त्याचा पगारच त्यात जाईल. घरपट्टी थकली तर महिन्याला २ टक्के शास्ती, म्हणजे दंड, लागते, घर विकताना नो ड्यूज लागतं, जन्माच्या दाखल्यालासुद्धा कुठंकुठं घरपट्टीची पावती मागतात, त्यामुळं लोक कधी ना कधी भरतातच. पण अशानं शुल्काचा गुपचूप कर होऊन जातो. गाडी आली तरी ७२०, नाही आली तरी ७२०. भाजीवालीला आपण म्हणू शकतो की मेथी शिळी आहे, पैसे देत नाही, पण इथं तो हक्कच कापून टाकला जातो, आणि मला विचाराल तर लोकांचा राग ६० रुपयांपेक्षा याच्यावर जास्त आहे, फक्त तो राग असा नीट शब्दांत कोणी मांडत नाही, सरळ "लूट आहे" म्हणून मोकळे होतात.

पालिकेची बाजूपण बघू, नाहीतर एकतर्फी होईल. पूर्वी महापालिकांना जकात होती, नाक्यावर ट्रक थांबला की रोजच्या रोज रोकडा पैसा. जकात गेली, एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला, व्यापाऱ्यांनी बंद पाळले, एलबीटी १ ऑगस्ट २०१५ पासून बहुतेक व्यापाऱ्यांना माफ झाला आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर उरलासुरलाही गेला. आता राज्य सरकार भरपाईचा हप्ता देतं आणि त्यातून पगार भागतात कसेबसे. स्वतःची म्हणावी अशी कमाई घरपट्टी, नळपट्टी आणि भाड्याचे गाळे. त्यात १५ व्या वित्त आयोगाने अट घातली की अनुदान पाहिजे तर मालमत्ता कराची वसुली वाढवून दाखवा. स्वच्छ सर्वेक्षणाच्या मार्कांसाठीही वापरकर्ता शुल्क, म्हणजे हेच, वसूल होतंय का हे विचारलं जातं. थोडक्यात वरून दोन्ही बाजूंनी पालिकेचा कान पिळलेला आहे, बाबू "वरून आलंय" म्हणतो ते अगदीच खोटं नाही.

आणि कचरा उचलायला पैसा लागतो हेही खरंच. नुसता अंदाज म्हणून हिशोब करू. समजा एक घंटागाडी हजार घरं फिरते आणि प्रत्येक घर ६० देतं, झाले महिन्याला ६० हजार, तेही शंभर टक्के वसुली झाली तर, जी आपल्याकडं कधी होत नसते. त्यात ड्रायव्हर, हेल्पर, डिझेल, टायर, गाडीची दुरुस्ती. एवढ्यातच पैसे संपले, आणि अजून कचरा डेपोवर पोचलाय फक्त, त्याचं काही केलेलं नाही. ओल्या कचऱ्याचं खत करायला जागा, मशिन, माणसं लागतात (आपल्या राज्यात या खताला हरित महासिटी कंपोस्ट असं नावसुद्धा आहे), सुक्यातलं प्लास्टिक, पुठ्ठा, काच वेगळं काढायला बाया लागतात, जे कशाच्याच कामाचं नाही ते सिमेंट कारखान्याला जाळायला पाठवायचं तर वाहतूक लागते. म्हणून शुल्काने पूर्ण खर्च निघतो असं नाही, बराचसा घरपट्टीतून आणि अनुदानातूनच जातो. आता इथं तुम्ही म्हणणार की मग सफाईचा पैसा घरपट्टीत आधीच घेतला की, पुन्हा कशाला? बरोबर आहे, "डबल टॅक्स" हा जगभर या विषयातला पहिला मुद्दा असतो, आणि पालिकेकडं याला उत्तर असतं की घरपट्टीतून रस्ते झाडणं, नाल्या काढणं होतं, घरोघरचा कचरा ही वेगळी सेवा. हे उत्तर कागदावर ठीक आहे. नाली ज्या गल्लीत दोन महिन्यांपासून तुंबलीय तिथं जाऊन हे उत्तर देऊन बघा.

इथं मराठवाड्याचा एक खास इतिहास आहे आणि तो समजल्याशिवाय हा विरोध समजत नाही. आपण नळपट्टी वर्षाची भरतो आणि पाणी आठ आठ दिवसांनी येतं. संभाजीनगर घ्या, लातूर घ्या, उन्हाळ्यात तर विचारूच नका, २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं. वर्षाचे ३६५ दिवस धरून पट्टी, त्यातले नळाला पाणी येणारे दिवस किती ते कॅलेंडरवर ज्याचं त्यानं मोजावं, वर टँकरचे पैसे वेगळे. ज्या माणसाने हे वीस वर्षं भोगलंय त्याला तुम्ही सांगताय की आधी कचऱ्याचे पैसे भर, मग सेवा सुधारेल. तो कसा विश्वास ठेवेल? दुधानं तोंड पोळलंय हो त्याचं.

दुसरं, सगळ्या घरांना सारखेच ६०. पत्र्याच्या दोन खोल्या आणि दोन मजली बंगला, दोघांना तेच. बंगल्यातून जेवढं प्लास्टिक अन् ऑनलाइन मागवलेले खोके निघतात तेवढं पत्र्याच्या घरात वर्षात निघत नाही, उलट तिथलं शिळंपाकं शेळीला आणि पुठ्ठा भंगारवाल्याला जातो. बीडकडची ऊसतोडीला जाणारी घरं तर दिवाळीनंतर कुलूप लावून पाच-सहा महिने कारखान्यावर असतात, घरी कोंबडीसुद्धा नसते, त्यांनी कशाचं शुल्क द्यायचं? पोरगं पुण्यात नोकरीला आणि म्हातारा-म्हातारी त्याच्याकडं राहायला गेले, घर बंद, तरी बिल चालू. उलट एकाच मालमत्ता क्रमांकावर तीन भाडेकरू असले तर एक शुल्क की तीन, आणि ते मालकाने द्यायचं की भाडेकरूने, याच्यावरून आमच्याच गल्लीत दोन सख्ख्या भावांची बोलचाल बंद आहे. गुंठेवारीच्या वस्त्यांत तर मोठी गाडी वळतच नाही, पण बिल मात्र बरोबर वळून दारात येतं.

तिसरं म्हणजे ठरवलं कोणी. कोविडनंतर कित्येक वर्षं आपल्या पालिका-महापालिकांत निवडणुकाच झाल्या नाहीत, प्रशासक होते, सही एकाच माणसाची. नगरसेवक कसाही असो, त्याच्या घरासमोर जाऊन दहा बायका उभ्या राहू शकतात, चार शिव्या हासडू शकतात. प्रशासकाच्या केबिनबाहेर शिपाई असतो, "साहेब मिटिंगला गेलेत" म्हणायला.

बाकी ठिकाणी काय झालं ते बघा. पिंपरी-चिंचवडला २०२३ ला असंच मालमत्ता कराच्या बिलातून महिन्याला ६० रुपयांचं शुल्क आलं, सोसायट्यांनी ओरडा केला, आणि शेवटी राज्य सरकारला त्याला स्थगिती द्यावी लागली. मुंबईत २०२५ च्या एप्रिलमध्ये महापालिकेने मसुदा काढला, ५० चौरस मीटरपर्यंतच्या घराला महिन्याला १००, ३०० पर्यंत ५००, त्याच्या वर १०००, आणि लोकांकडून हरकती मागवल्या, तिथं तर सगळेच पक्ष तुटून पडले. बेंगळुरूला मात्र त्याच महिन्यापासून सुरूही झालं, घराच्या बांधकामाप्रमाणे महिन्याला १० रुपयांपासून ४०० पर्यंत. दर ठरवायची ही पद्धत मला बरी वाटते, छोट्या घराला दहाच रुपये, पण तिथंही ते मालमत्ता कराच्याच बिलात आहे, म्हणजे आजार तोच.

आता जरा लांबचं उदाहरण, आयर्लंडमधल्या डब्लिन शहराचं. लांबचं असलं तरी गोष्ट लै ओळखीची वाटंल. तिथं १९७८ ला घरपट्टी रद्द केली, निवडणुकीतलं आश्वासन होतं, लोक खूश. पण कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या पालिकेच्या, तिजोरीत खडखडाट झाला, मग हळूहळू कचऱ्याचं शुल्क आलं. लोक म्हणले आम्ही इन्कम टॅक्समधून हे भरतोय आधीच, देणार नाही, आणि हजारो घरांनी खरंच दिलं नाही. २००३ मध्ये सरकारने कायदा बदलून कौन्सिलला अधिकार दिला की जो पैसे देणार नाही त्याचा डबा उचलू नका. मग वस्त्यांतली माणसं कचऱ्याच्या गाड्यांसमोर बसली की सगळ्यांचा उचला नाहीतर कोणाचाच नको. कोर्टाने मनाई केली, ती मोडली म्हणून जो हिगिन्स नावाचे खासदार आणि क्लेअर डेली नावाच्या कार्यकर्त्या यांना सप्टेंबर २००३ मध्ये एकेक महिना जेलात जावं लागलं. शुल्क काही गेलं नाही. पुढं २०१२ ला डब्लिन शहराने कचरा उचलण्याचं कामच खासगी कंपनीला देऊन टाकलं, आणि मग गरीब घरांना कौन्सिल जी माफी द्यायची तिचं काय, हा प्रश्न लोंबकळत राहिला. २०१६ ला वजनावर पैसे घ्यायचं ठरलं तेव्हा पुन्हा एवढी बोंब झाली की सरकारला ते पुढं ढकलावं लागलं. म्हणजे "देणारच नाही" या एकाच मुद्द्यावर लढाई गेली की कसं होतं बघा, शुल्क राहतं आणि सेवा सरकारच्या हातातून निसटते. त्या लोकांची जिद्द मला आवडते, पण शेवटी हातात काय आलं हेही बघायला पाहिजे ना.

याच्या उलट पुण्यात. तिथं कचरावेचक बायकांची स्वच्छ नावाची सहकारी संस्था आहे, २००८ पासून महापालिकेसोबत काम करते. घरोघरी जाणारी ताई महिन्याचे पैसे स्वतः घेते. ती आली नाही तर लोक तिला विचारतात, लोकांनी दिलं नाही तर ती त्यांना विचारते. कुरकुरी तिथंही आहेत, काही सोसायट्या पैसे द्यायला कां कूं करतात, पण पैसा आणि काम यांच्यात ती ताई समोर उभी असते, खिडकी अन् सिस्टीम नसते.

आमच्या गल्लीत येणाऱ्या गाडीवरच्या हेल्परला मी एकदा विचारलं. गाडीला मधोमध पत्रा आहे, एकीकडं हिरवा रंग, एकीकडं निळा. मी ओला वेगळा, सुका वेगळा असे दोन डबे घेऊन गेलो तर त्यानं दोन्ही एकाच कप्प्यात रिकामे केले. म्हटलं दादा, हे काय? तर पत्रा दाखवला, खालून सडून एवढं भोक पडलेलं की हात जाईल. "तिकडं जाऊन एकच होतंय सर, कामून टाईम घालवायचा." म्हटलं आम्ही आता साठ रुपये देतोय महिन्याला. तो हसला, म्हणला, "आमच्यापतूर कुठं येतेत ते, दोन महिन्याचा पगार बाकी हाय ठेकेदाराकडं." आणि भोंगा चालू करून पुढं गेला.

ठेक्याचा हा भाग कोणी समजून घेत नाही म्हणून थोडं थांबतो इथं. ठेकेदाराला पैसे कशावर मिळतात हे फार महत्त्वाचं आहे. टनावर मिळत असले तर त्याला कचरा जड पाहिजे. ओला-सुका एकत्र, त्यात नालीतला गाळ, बांधकामाची माती, जेवढं वजन तेवढं बिल. मग तुम्ही घरी कितीही वेगळं करा, त्याला वेगळं ठेवण्यात फायदा काहीच नाही, आणि तुम्ही घरीच ओल्याचं खत केलं तर उलट त्याचं वजन घटतं. पैसे घरांवर मिळत असले, म्हणजे इतक्या दारांतून रोज वेगळा कचरा उचलला तर इतके, तर गणित बदलतं. म्हणून ६० जास्त की कमी यावर घसा कोरडा करण्यापेक्षा ठेक्याची प्रत मागा. माहिती अधिकारात दहा रुपयांत मागता येते. त्याच्यासोबत वजनकाट्याच्या पावत्या, गाडीच्या फेऱ्यांची नोंद, जीपीएस असेल तर तुमच्या वॉर्डाचा एक महिन्याचा रूट, आणि शुल्काचा दर ज्यात ठरला त्या ठरावाची प्रत.

आणि एक गोष्ट आपण शहरातले लोक सोयीस्कर विसरतो. कचऱ्याला विरोध करणारे फक्त बिल भरणारे नसतात. फेब्रुवारी २०१८ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादला नारेगाव-मांडकीच्या गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या, तीस-पस्तीस वर्षं सगळ्या शहराचा कचरा त्यांच्या उशाला पडत होता, विहिरींचं पाणी गेलं, धूर, माश्या, मोकाट कुत्री. शहरात कित्येक दिवस चौकाचौकात ढीग लागले, पर्यायी जागा शोधत गाड्या मिटमिट्याला गेल्या तर ७ मार्चला तिथं दगडफेक आणि लाठीमार झाला, गाड्या जळाल्या. नंतर कुठं चिकलठाणा, पडेगाव, हर्सूल, कांचनवाडी इथं प्रक्रिया केंद्रांची कामं हलली. नारेगावच्या लोकांना कोणी बिल पाठवलं नव्हतं, तरी आपल्या कचऱ्याची किंमत तेच मोजत होते. त्यामुळं "शुल्क शून्य करा" असं कोणी म्हणलं की माझ्या मनात येतं, मग उरलेला कचरा कोणाच्या विहिरीजवळ टाकायचा ते पण सांगा.

म्हणून आमच्या गल्लीने जी हरकत लिहिली त्यात "रद्द करा" असं एकदाही लिहिलं नाही, आणि याच्यावरून थोडी वादावादी झाली, दोन-तीन पोरं म्हणली हे लै मऊ झालं. लिहिलं ते असं की शुल्काचं बिल घरपट्टीपासून वेगळं करा म्हणजे घरपट्टी भरायला अडचण येणार नाही, महिन्यात ठराविक दिवसांपेक्षा कमी गाडी आली तर त्या महिन्याचं शुल्क घेऊ नका, गाडी आली की घरमालकाची सही किंवा दारावरचा कोड स्कॅन असं काहीतरी ठेवा, बंद घराला अर्ज केल्यावर सूट द्या, दर घराच्या आकाराप्रमाणे करा, जो घरीच ओल्या कचऱ्याचं खत करतो त्याला कमी लावा, आणि वसूल झालेला पैसा वेगळ्या खात्यात ठेवून वर्षाला त्याचा हिशोब नगरपालिकेच्या बोर्डावर लावा. गाडीवरच्या पोरांचा पगार वेळेवर देण्याचं एक वाक्य काकूंनी घालायला लावलं, त्याच काकू, रांगेतल्या.

एक्केचाळीस सह्या झाल्या. आवक-जावकला दिलं तेव्हा तिथला माणूस म्हणला ठेवा टेबलवर, बघतो. असं ठेवून येऊ नका. आमचं पहिलं पत्र तसंच ठेवलं होतं, पंधरा दिवसांनी विचारलं तर कुठलं पत्र म्हणले. दुसऱ्या वेळी झेरॉक्सवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घेतल्याशिवाय मी खिडकी सोडली नाही, मागं रांगेतले ओरडत होते तरी.